वेगळीच काहीतरी सॉफ्ट टिश्यूची गाठ आलीये, एफएनएसी कशी करायची आणि कशी वाचायची

दंडावर, पाठीवर, मांडीत गाठ घेऊन येणाऱ्या बहुतेक पेशंटांचा लायपोमाच (साधी चरबीची गाठ) निघतो. एफएनएसीसाठी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासायला, सुई घातली की तेलकट थेंब येतात, स्लाइडवर चरबीच्या पेशींचे तुकडे दिसतात, दोन ओळींचा रिपोर्ट आणि विषय संपला. हे लिहितेय ते उरलेल्या गाठींसाठी, ज्यात स्लाइड फोकस केल्यावर पहिला विचार येतो की हे नक्की आहे तरी काय.

रेसिडेंट असताना मला वाटायचं की भरपूर नावं पाठ असली की जमेल. पण सॉफ्ट टिश्यू ट्यूमरचे शंभराच्या वर प्रकार आहेत आणि त्यातले अर्धे एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे नावापासून सुरुवात केली की हमखास फसायला होतं. आता मी उलटं करते. आधी हे बघते की गाठ मुळात सॉफ्ट टिश्यूचीच (चरबी, स्नायू, नसा, तंतू यांची) आहे का, की मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर), लिम्फोमा, मेलॅनोमा किंवा इन्फेक्शन आहे. मग साधी, मधली का वाईट. आणि नाव सगळ्यात शेवटी, तेही जमलं तर. सर्जनला पुढचं पाऊल टाकायला बऱ्याचदा पहिल्या दोन उत्तरांवरच भागतं, नाव दोन दिवस उशिरा आलं तरी काही बिघडत नाही, चुकीचं नाव गेलं तर मात्र खूप बिघडतं.

सुई हातात घेण्याआधी

फॉर्मवर नुसतं "गाठ, एफएनएसी करा" लिहिलेलं असतं, त्यावर थांबू नका, पेशंटला स्वतः विचारा. किती दिवस झाले, किती वेगाने वाढली, दुखते का, मार लागला होता का, आधी कुठला कॅन्सर किंवा ऑपरेशन झालंय का. हे पाच प्रश्न म्हणजे अर्धं निदान आहे आणि मी हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये. तिशीतल्या माणसाच्या हातावर तीन आठवड्यांत उगवलेली दोन सेंटीमीटरची गाठ म्हटली की डोक्यात नोड्युलर फॅसायटिस यायलाच हवा. वयस्कर पुरुषाच्या मानेच्या मागे असेल तर स्पिंडल सेल लायपोमा. म्हातारपणी खांद्याच्या फऱ्याखाली घट्ट जाडसर काहीतरी लागलं तर इलॅस्टोफायब्रोमा. बोटावर सावकाश वाढणारी असेल तर टेंडन शीथचा जायंट सेल ट्यूमर. तरुण मुलाच्या घोट्याजवळ टेंडनला चिकटलेली असेल तर क्लिअर सेल सार्कोमा विसरू नका (सार्कोमा म्हणजे सॉफ्ट टिश्यूचा कॅन्सर). सिझेरियनच्या व्रणातली गाठ दर महिन्याला पाळीच्या वेळी दुखते असं बाई सांगत असेल तर एंडोमेट्रिओसिस आणि हा प्रश्न न विचारता नुसती स्लाइड बघितली तर त्या ग्रंथीच्या पेशी बघून उगाच ॲडिनोकार्सिनोमाची भीती वाटते.

मग हाताने तपासा. पेशंटला तो स्नायू ताठ करायला सांगा, गाठ अजून उठून दिसली तर ती स्नायूच्या वर आहे, दडली किंवा हलेनाशी झाली तर आत आहे. फॅसियाच्या (स्नायूवरच्या घट्ट पडद्याच्या) आत, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी आणि वाढत जाणारी गाठ ही सार्कोमा नाही असं सिद्ध होईपर्यंत सार्कोमा समजूनच चालायचं. अशा गाठीचा एमआरआय आधी होऊ द्या, आपण सुई घातल्यावर आत रक्त साचतं आणि मग रेडिओलॉजिस्टला चित्र वाचणं अवघड जातं. गाठ धडधडत असेल तर सुई बाजूला ठेवा आणि आधी डॉपलर करून घ्या. लहान बाळाच्या नाकाच्या मुळाशी किंवा पाठीच्या मधोमध असलेल्या गाठीला तर इमेजिंगशिवाय हात लावायचाच नाही, ती मेनिंगोसील (मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणाची बाहेर आलेली पिशवी) निघू शकते.

अजून एक, जे आपल्यातले बरेच जण करत नाहीत. सार्कोमाची शंका असेल तर सुई कुठून घालायची हे सर्जनला विचारून ठरवा. पुढे चिरा जिथून जाणार आहे त्याच रेषेत सुई गेली पाहिजे आणि शेजारच्या धडधाकट कंपार्टमेंटमधून आरपार जाता कामा नये. एक फोन करायचा असतो फक्त.

सुई घालताना

२३ किंवा २४ गेजची सुई पुरते, फार घट्ट गाठ असेल तर २२. पहिला पास (सुई एकदा आत घालून बाहेर काढणं म्हणजे एक पास) मी नेहमी सिरिंज न लावता घेते, नुसती सुई आत घालून थोडी पुढेमागे आणि जरा फिरवायची, कॅपिलरी ॲक्शनने पेशी सुईत चढतात आणि रक्त कमी येतं. काहीच आलं नाही तर मग सिरिंज लावून सक्शन. सक्शन देत असाल तर सुई बाहेर काढायच्या आधी प्लंजर सोडा, नाहीतर सगळा माल सिरिंजच्या नळीत जाऊन बसतो आणि आपण बसतो तो खरवडत. मोठ्या गाठीत मधे बहुतेक मेलेलं टिश्यू असतं, त्यामुळे कडेकडेने, वेगवेगळ्या दिशांना तीन-चार पास घ्या. पाणी आलं तर ते पूर्ण काढून उरलेला जो घट्ट भाग हाताला लागतो त्यात पुन्हा सुई घाला, खरी गोष्ट तिथेच असते.

हाताला काय जाणवतंय तेही लिहून ठेवत जा, स्लाइडइतकंच ते कामाचं आहे. कचकच लागली तर कॅल्सिफिकेशन. जुन्या टायरमध्ये सुई खुपसल्यासारखं वाटलं आणि तीन पास करूनही चार पेशी आल्या तर डेस्मॉइड किंवा तसंच काहीतरी तंतुमय. सुई लागताच पेशंट किंचाळला आणि करंट बोटांपर्यंत गेला म्हणाला तर श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ), मग परत परत टोचू नका. स्लाइडवर गोंदासारखा चिकट, तार सुटणारा थेंब पडला तर मिक्सॉइड (पेशींमधे चिकट, जेलीसारखं भरण असलेलं) काहीतरी आहे. पांढरं खडूच्या पेस्टसारखं आलं तर कॅल्सिनोसिस किंवा गाऊट, अशा वेळी एक स्लाइड न रंगवता तशीच सुकवून ठेवा, कारण युरेटचे सुईसारखे क्रिस्टल पाण्यात आणि फॉर्मालिनमध्ये विरघळून जातात आणि मग पोलराइज्ड लाइटखाली बघायला काही उरतच नाही. स्नायूतल्या छोट्या गाठीतून स्वच्छ पाण्याचा थेंब आला तर सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळीचा संसर्ग) आठवा. पू आला तर स्लाइडबरोबर कल्चर आणि एएफबीलाही (टीबीच्या जंतूंच्या तपासणीला) पाठवा, पण पू म्हणजे इन्फेक्शनच असंही धरून चालू नका, सडलेला सार्कोमासुद्धा असाच दिसतो.

स्लाइड दोन्ही प्रकारच्या करा, याला पर्याय नाही. काही हवेत सुकवून गीम्सा रंगासाठी आणि काही पसरल्या पसरल्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, पॅप किंवा एच-ॲण्ड-ई साठी. दोन सेकंद जरी रेंगाळलात तरी वेट स्लाइडचे न्यूक्लियस फुगून धुरकट होतात. मॅट्रिक्स (पेशींमधलं भरण) बघायचं असेल तर गीम्सा, मिक्सॉइड मटेरियल त्यात झगझगीत जांभळट गुलाबी दिसतं, तेच पॅपमध्ये इतकं फिकट असतं की आहे हेच कळत नाही. न्यूक्लियसच्या आतलं, क्रोमॅटिन, न्यूक्लिओलस, घड्या, हे सगळं मात्र पॅपमध्येच नीट दिसतं.

एक स्लाइड लगेच टोलुइडीन ब्लूने रंगवून तिथल्या तिथे बघा. यात निदान करायचं नसतं, पुढचा माल कुठे पाठवायचा ते ठरवायचं असतं. लिम्फॉइड पेशी दिसल्या तर पुढचा पास फ्लो सायटोमेट्रीला, ग्रॅन्युलोमा (दाहाने जमलेल्या पेशींचा पुंजका) दिसला तर कल्चरला आणि बाकी काहीही विचित्र दिसलं तर एक अख्खा पास फक्त सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून बायॉप्सीसारखे काप घ्यायला). नुसतं सुई धुतलेलं पाणी सेल ब्लॉकला दिलं की ब्लॉकमध्ये रक्त आणि चार पेशी सापडतात आणि इम्युनो (अँटिबॉडी लावून पेशीतली प्रोटीन ओळखणं) करायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

स्लाइडवर पॅटर्न बघायचा, नाव नाही

लो पॉवरवर आधी एवढंच ठरवा: स्पिंडल (लांबट पेशी), मिक्सॉइड, राउंड सेल (लहान गोल पेशी), एपिथेलिऑइड (मोठ्या, भरपूर सायटोप्लाझमच्या पेशी), प्लिओमॉर्फिक (वेगवेगळ्या वेड्यावाकड्या पेशी), की चरबीवालं. एका गाठीत दोन पॅटर्न असतील तर दोन्ही लिहा.

चरबीवाल्यात फार वेळ घालवत नाही. छोट्या छोट्या व्हॅक्युओलांनी भरलेल्या पेशी, मधे छोटासा गोल न्यूक्लियस, सोबत बारीक केशवाहिन्या म्हणजे हायबरनोमा, त्यांना लायपोब्लास्ट (कच्च्या चरबीच्या पेशी) समजू नका, लायपोब्लास्टचा न्यूक्लियस व्हॅक्युओलांनी दाबला जाऊन खाचे पडलेला आणि गडद असतो. खोल आणि मोठ्या चरबीच्या गाठीत मोठे काळे न्यूक्लियस दिसले तर एमडीएम२ या जीनचं फिश (जीनमधला बदल चमकत्या रंगाने दाखवणारी चाचणी) करून घ्या.

मिक्सॉइडमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे गोंधळ सगळ्यात जास्त. भरपूर मॅट्रिक्स, अगदी थोड्या निरुपद्रवी पेशी आणि वाहिन्या जवळपास नाहीतच असं असेल तर इन्ट्रामस्क्युलर मिक्सोमा. तेच मॅट्रिक्स पण त्यात कोंबडीच्या जाळीसारख्या फांद्या फुटलेल्या बारीक केशवाहिन्या, आजूबाजूला लहान गोल पेशी आणि अधूनमधून लायपोब्लास्ट असले तर मिक्सॉइड लायपोसार्कोमा, त्यात मांडी असेल तर शंका अजून पक्की. यात राउंड पेशींचं प्रमाण वाढलं की वागणं वाईट होतं म्हणून तेही रिपोर्टमध्ये लिहायचं. पेशी दोऱ्यांसारख्या रांगेत, गडद गुलाबी मॅट्रिक्समध्ये रुतलेल्या दिसल्या तर एक्स्ट्रास्केलेटल मिक्सॉइड कॉन्ड्रोसार्कोमा, नाव कॉन्ड्रो असलं तरी खरं कार्टिलेज त्यात शोधू नका. आणि स्पिंडल पेशी अगदी सभ्य दिसतात, कुठे मिक्सॉइड कुठे कोलॅजन, अशा गाठीला फायब्रोमा म्हणून सोडून द्यायचा मोह होतो, तिथे लो ग्रेड फायब्रोमिक्सॉइड सार्कोमा असू शकतो, सेल ब्लॉकवर एमयूसी४ लावलं की सुटतं.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती मला रोज कामाला येते. एका तरुणाच्या हाताची स्लाइड होती. भरपूर पेशी, फुगीर स्पिंडल, काही गँगलियन पेशींसारख्या मोठ्या, मिक्सॉइड बॅकग्राउंड आणि मायटोसिस (विभागत असलेल्या पेशी) तर प्रत्येक दुसऱ्या फील्डमध्ये. मी "सार्कोमाची दाट शंका" असं लिहून मोकळी झाले. मॅडमनी स्लाइड बघायच्या आधीच विचारलं, गाठ किती दिवसांची? मी फॉर्म वाचलाच नव्हता. तीन आठवडे. मग त्यांनी मला परत स्लाइडवर बसवलं आणि दाखवलं, की मायटोसिस आहेत पण एकही वेडावाकडा नाही, न्यूक्लियस मोठे आहेत पण क्रोमॅटिन बारीक आणि एकसारखं, पेशी टिश्यू कल्चरमध्ये वाढवल्यासारख्या सैल, मधे लिम्फोसाइट आणि बाहेर आलेल्या लाल पेशी. नोड्युलर फॅसायटिस. रिपोर्ट बदलला, सर्जनने सहा आठवडे वाट बघायचं ठरवलं आणि तोवर गाठ जवळजवळ विरघळली होती. या गाठीत यूएसपी६ जीनची रिअरेंजमेंट (तुटून दुसरीकडे जोडला जाणं) असते आणि ती आपोआप ओसरते, म्हणजे मी लिहिल्याप्रमाणे झालं असतं तर त्या मुलाच्या हाताचा मोठा तुकडा उगाच गेला असता. म्हणून नियम केलाय, पेशी कितीही असोत, मायटोसिस कितीही असोत, वेडावाकडा मायटोसिस आणि काळवंडलेलं क्रोमॅटिन नसेल तर सार्कोमा शब्द लिहिण्याआधी दिवस मोजायचे. स्नायूत असेल आणि मार लागल्याची हकीकत असेल तर मायोसायटिस ऑसिफिकन्सही त्याच भावकीतला, तिथे एक्सरे किंवा सीटीमध्ये कडेला हाडाची कड धरलीये का बघा.

अशीच अजून एक चूक होते. श्वानोमा जुना झाला की त्यात मोठेमोठे काळे, विचित्र आकाराचे न्यूक्लियस येतात आणि बघणारा घाबरतो. पण मायटोसिस नसतात, घट्ट गुच्छांमध्ये वळणदार न्यूक्लियस असतात आणि सुई लागल्यावर पेशंट ओरडलेला असतो. एस१०० आणि सॉक्स१० लावलं की चित्र स्पष्ट होतं. याउलट सिनोव्हियल सार्कोमा इतका एकसारखा आणि शांत दिसतो की कोणाला वाटणार नाही हा सार्कोमा आहे. पेशी खचाखच, सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या, मधे फांद्यांच्या वाहिन्या आणि बॅकग्राउंडला मास्ट सेल्स. पेशी सुंदर दिसतात म्हणून बिनाइन (साधी गाठ) लिहू नका, इथे भरगच्च असणं आणि एकसारखं असणं हाच धोक्याचा इशारा. एसएस१८ चं फिश किंवा त्याचा अँटिबॉडी, यापैकी जे मिळेल ते.

एपिथेलिऑइड दिसलं तर आधी मेटास्टॅसिस आणि मेलॅनोमा बाहेर काढा

ते झालं की मग दुर्मिळांकडे वळा. इथे एक फसवी गाठ आहे, अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. तरुण मुलगी, मांडीत खोल हळू वाढणारी गाठ, सुई घातली की सिरिंज रक्ताने भरते. आपण म्हणतो हिमॅन्जिओमा, रक्तच आलं, नॉन डायग्नॉस्टिक. त्या रक्तातच नीट शोधा, न्यूक्लिओलस डोळ्यात भरेल असे मोठे गोल उघडे न्यूक्लियस विखुरलेले असतात, कारण या पेशींचं सायटोप्लाझम इतकं नाजूक असतं की स्मिअर करतानाच फाटतं आणि बॅकग्राउंडला नुसते दाणे उरतात. कुठेतरी एक-दोन गुच्छ शाबूत सापडतात. पास-डायस्टेज नावाचा रंग (हा सुईचा पास नव्हे) केल्यावर काडीसारखे क्रिस्टल दिसले तर वा, नाही दिसले तरी टीएफई३ न्यूक्लियसमध्ये पॉझिटिव्ह येतं. ही गाठ हळू वाढत असली तरी फुप्फुसात आणि मेंदूत जायची तिला सवय आहे, म्हणून रिपोर्टसोबत सर्जनशी बोला.

एपिथेलिऑइड सार्कोमा बोटांवर, हातावर जखमेसारखा येतो, भरत नाही, स्लाइडवर मधे नेक्रोसिस (मेलेलं टिश्यू) आणि भोवती जरा फुगीर पेशी बघून कोणीतरी ग्रॅन्युलोमा लिहितं आणि महिनोन्महिने औषधं चालतात. पेशी सुट्या सुट्या, जाड सायटोप्लाझमच्या, न्यूक्लिओलस ठळक दिसत असेल तर थांबा. सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह येतं म्हणून तो कार्सिनोमा होत नाही, आयएनआय१ न्यूक्लियसमधून गायब आहे का ते बघा. क्लिअर सेल सार्कोमाही असाच, एस१०० आणि एचएमबी४५ दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे डिट्टो मेलॅनोमा, पण त्वचेवर कुठे डाग नाही, गाठ टेंडनला धरून आणि फिशमध्ये ईडब्ल्यूएसआर१ तुटलेलं.

या ईडब्ल्यूएसआर१ बद्दल एक गोष्ट. फिशचा ब्रेक-अपार्ट प्रोब (जीन तुटलाय एवढंच दाखवणारा) पॉझिटिव्ह आला की लोक लगेच युइंग सार्कोमा लिहितात. तोच जीन क्लिअर सेल सार्कोमात, डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमरमध्ये, मिक्सॉइड कॉन्ड्रोसार्कोमात आणि मायोएपिथेलियल ट्यूमरमध्येही तुटतो. त्याने कोणाशी जोडी जमवली ते महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचं की स्लाइडवर दिसतंय ते त्या नावाशी जुळतंय का. सीडी९९ चंही तेच, अर्धं जग पॉझिटिव्ह असतं, पूर्ण मेम्ब्रेनभर कडक आलं आणि सोबत एनकेएक्स२.२ आलं तरच त्याला वजन द्या. राउंड सेलमध्ये किमान एलसीए, डेस्मिन, मायोजेनिन आणि सीडी९९ लावल्याशिवाय लहान मुलाचा रिपोर्ट सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून काही सापळे पटकन सांगते. मुलांच्या चेहऱ्यावर, मानेवर कडक गाठ, स्लाइडवर निळ्या बेसलॉइड पेशींचे गठ्ठे बघून कार्सिनोमा वाटतो, घोस्ट सेल्स आणि जायंट सेल्स शोधा, पिलोमॅट्रिकोमा असतो. कुठल्याही गाठीच्या कडेला जखमी स्नायूचे तंतू खूप न्यूक्लियसवाले होऊन बसतात आणि रॅब्डोमायोसार्कोमा वाटतो. रेडिएशन झालेल्या जागी तर कोणत्याही पेशीवर विश्वास ठेवू नका. आणि कमी पेशी आल्या, त्या सगळ्या साध्या दिसल्या, पण गाठ मात्र आठ सेंटीमीटरची आणि खोल, तर त्याला बिनाइन म्हणायचं नाही, सुई गाठीच्या बाहेरच फिरली असं धरायचं.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

डब्ल्यूएचओच्या सॉफ्ट टिश्यू सायटोपॅथॉलॉजी रिपोर्टिंग सिस्टिममध्ये सहा गट आहेत: नॉन-डायग्नॉस्टिक, बिनाइन, ॲटिपिकल, अनिश्चित मॅलिग्नंट क्षमतेचा निओप्लाझम, मॅलिग्नन्सीची शंका आणि मॅलिग्नंट. चौथा गट आपल्यासाठीच केलाय असं समजा, मिक्सॉइड आणि स्पिंडलच्या बऱ्याच गाठी तिथेच बसतात आणि त्यात कमीपणा काही नाही. ग्रेड देण्याच्या भानगडीत पडू नका, ग्रेडला नेक्रोसिसचं प्रमाण आणि मोजलेले मायटोसिस लागतात, ते कोअर बायॉप्सीत किंवा काढलेल्या गाठीत बघायचं. "हाय ग्रेड दिसतोय" इतकं म्हणायला हरकत नाही.

माझा एक रिपोर्ट साधारण असा असतो: उजव्या मांडीतली स्नायूच्या आतली ७ सेंटीमीटरची गाठ, चार पास, चिकट मटेरियल. भरपूर मिक्सॉइड मॅट्रिक्स, जाळीदार केशवाहिन्या, मध्यम प्रमाणात लहान गोल ते अंडाकृती पेशी, मोजके लायपोब्लास्ट, नेक्रोसिस नाही. मॅलिग्नंट, मिक्सॉइड सार्कोमा, मिक्सॉइड लायपोसार्कोमाशी जुळणारा. सेल ब्लॉकवर डीडीआयटी३ चं फिश सुचवलंय, इमेजिंगसोबत बघावं. एवढंच. "क्लिनिकली कोरिलेट करा" ही एकटी ओळ टाकून सुटका करून घ्यायची सवय मात्र सोडा, काय कोरिलेट करायचं ते सांगा.

आणि सगळ्या स्लाइड रंगवू नका. दोन सुकवलेल्या कोऱ्या स्लाइड पेशंटचा नंबर घालून डब्यात ठेवून द्या, आठवड्याने ब्लॉक संपला आणि फिश करायची वेळ आली तर त्याच उपयोगी पडतात, पेशंटला परत टोचायला बोलवावं लागत नाही.